हॅरी पॉटर नव्याने उभा करताना लेखिकेचा वाद नेमका कुठे आडवा येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॅरी पॉटरची सातही पुस्तकं आता एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिकेच्या रूपात पुन्हा येत आहेत. जे. के. रोलिंग यांच्या ट्रान्सजेंडर विषयावरच्या भूमिकेमुळे बरेच वाचक दुखावले गेले. जुन्या चित्रपटांतल्या मुख्य तिघांनीही आपण त्यांच्याशी सहमत नाही हे उघडपणे सांगितलं. मग लेखिकेला बाजूला ठेवून ही मालिका करता आली नसती का? आणि करायचीच होती, तर हा वाद मालिकेत उतरू नये म्हणून बनवणाऱ्यांनी काय करायला हवं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नसती करता आली. दुसऱ्याला वेळ लागेल. वाद गाजतो बातम्यांत, पण त्याचं बरंवाईट ठरतं ते हक्कांच्या करारात, पटकथेच्या पानावर आणि सेटवरच्या मुलांच्या वेळापत्रकात. प्रसिद्धी खात्याकडे तो पोचतो तोवर हातात फार थोडं उरलेलं असतं.

आधी वाद काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीवर पुढचं काहीच कळणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये रोलिंग यांनी माया फोरस्टेटर या ब्रिटिश महिलेच्या बाजूने ट्वीट केलं. लिंग जैविक असतं आणि बदलता येत नाही, असं मत मांडल्यामुळे आपलं काम गेलं, असा फोरस्टेटर यांचा दावा होता. जून २०२० मध्ये रोलिंग यांनी एक लांब निबंध लिहिला आणि स्त्रियांसाठी राखलेल्या जागा जैविक लिंगावरच ठरायला हव्यात ही भूमिका सविस्तर मांडली. ट्रान्स व्यक्ती आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे म्हणतात की, आधीच असुरक्षित असलेल्या माणसांचं जगणं यामुळे आणखी अवघड होतं. पुढे कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्रीच, असा अर्थ मागणाऱ्या ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेच्या न्यायालयीन लढ्याला रोलिंग यांनी ७० हजार पौंड दिले. त्या खटल्याचा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी संघटनेच्या बाजूने दिला. मालिकेतल्या मोठ्या कलाकारांची यादी एचबीओने जाहीर केली ती १४ एप्रिलला. मध्ये फक्त दोन दिवस. जॉन लिथगो, जॅनेट मॅक्टीअर, पापा एसिएडू, निक फ्रॉस्ट ही नावं वाचून होईपर्यंत त्या प्रत्येकाला विचारायचा प्रश्न तयार झाला होता. न्यायालयाच्या अशा तारखा आधी जाहीर होतात. त्या प्रॉडक्शनच्या कॅलेंडरवर कलाकारांच्या तारखांइतक्याच ठळक असायला हव्यात.

आता करार. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ‘चित्रपटाचे हक्क वॉर्नर स्टुडिओने विकत घेतले होते ना, मग आता लेखिकेची गरजच काय?’ पुस्तकाचे हक्क म्हणजे एक वस्तू नसते, तो किल्ल्यांचा जुडगा असतो. चित्रपट, मालिका, रंगभूमी, ऑडिओ, ई-पुस्तक, भाषांतर, खेळणी, गेम, थीम पार्क, प्रत्येकाची किल्ली वेगळी. एक विकली म्हणजे बाकीच्या विकल्या असं होत नाही. ज्यांचा करारात उल्लेख नाही किंवा ज्या मुद्दाम राखून ठेवल्या, त्या लेखकाकडेच राहतात. याचं उत्तम उदाहरण याच पुस्तकांचं आहे. रोलिंग यांनी ई-पुस्तकांचे हक्क स्वतःकडे ठेवले होते. त्यामुळे मार्च २०१२ मध्ये ई-पुस्तकं आली ती छापील पुस्तकं काढणाऱ्या ब्लूम्सबरी किंवा स्कोलॅस्टिककडून आली नाहीत, रोलिंग यांच्या स्वतःच्या पॉटरमोर या संकेतस्थळावरून आली.

शिवाय ब्रिटनमध्ये कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, भारतात ६० वर्षं. म्हणजे ज्याने मालिकेचे हक्क विकलेले नाहीत अशा हयात लेखकाला टाळून त्याच्या पुस्तकांवर मोठी मालिका करणं कायद्यानेच शक्य नाही. वाट पाहायची म्हटली तर आजची शाळकरी मुलं म्हातारी होतील.

वाचकांना वाटतं तितकं ‘नैतिक आचरणाचं कलम’ही इथे कामाचं नाही. हे कलम नेमलेल्या माणसाला लागू पडतं: नट, दिग्दर्शक, पगारी पटकथाकार. त्यांच्या वागण्याने निर्मितीला धक्का बसला तर काढता येतं. पण ज्याच्याकडून मूळ कथा घेतली, त्याला काढणार कुठून? लेखक नील गेमन यांचं उदाहरण समोर ठेवा. त्यांच्यावर २०२४ मध्ये लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. संमतीविना काहीही घडल्याचं त्यांनी नाकारलं आहे. त्यांच्याच पुस्तकावरच्या ‘गुड ओमेन्स’ या मालिकेचे ते शोरनर, म्हणजे लेखन आणि निर्मितीचे प्रमुख, होते. ते त्या कामातून बाहेर पडले आणि तिसरा सीझन आटोपून ९० मिनिटांचा एकच भाग करायचं ठरलं. शोरनर हा हुद्दा होता, म्हणून तो सुटला. सहलेखक म्हणून पुस्तकावर असलेलं त्यांचं नाव मात्र तिथेच आहे. हुद्दा जातो, मालकी जात नाही. रोलिंग यांच्याकडे पॉटरची मालकी आहे, आणि नव्या मालिकेत कार्यकारी निर्मात्याचा हुद्दाही आहे.

‘कार्यकारी निर्माता’ या शब्दाने फार फसायला होतं. त्याचा अर्थ ‘रोज सेटवर येऊन सूत्रं हलवणारा’ असाही असू शकतो आणि ‘करारानुसार श्रेयनामावलीत नाव’ इतकाच असू शकतो. करारात बघायचे ते दोन शब्द: सल्ला आणि मंजुरी. ‘सल्ला घ्यावा’ असं असेल तर मसुदा पाठवायचा, ऐकून घ्यायचं, निर्णय आपला. ‘मंजुरी हवी’ असं असेल तर तिथे काम थांबतं. मग कशाला मंजुरी, किती दिवसांत, आणि उत्तर आलंच नाही तर काय, हे तिन्ही लिहिलेलं पाहिजे. ‘दहा कामकाजाच्या दिवसांत हरकत आली नाही तर मंजुरी मिळाली असं धरावं’ अशी एक ओळ नसल्यामुळे पूर्ण युनिट बसून राहू शकतं. वादग्रस्त लेखकाच्या बाबतीत ही ओळ दुप्पट महत्त्वाची, कारण बाहेर वातावरण तापलेलं असतं तेव्हा साध्या शेऱ्यालाही राजकीय वास येतो.

तरीही लेखकाचा सल्ला फेकून द्यायचा नसतो. पाचव्या चित्रपटाच्या पटकथेतून क्रेचर हा म्हातारा एल्फ, म्हणजे जादूगारांच्या घरी राबणारा छोटा जीव, गाळला होता. रोलिंग यांनी सांगितलं की आता काढलात तर पुढे अडचणीत याल, त्याला ठेवा. तेव्हा सातवं पुस्तक बाजारात यायचं होतं. सातव्यात कथेतल्या एका महत्त्वाच्या लॉकेटचं सगळं रहस्य क्रेचरच्याच तोंडून उलगडतं. अशा सूचनेची किंमत करता येत नाही. म्हणून उत्तम व्यवस्था ही: लेखिकेकडून येणारी प्रत्येक सूचना लेखी, पटकथेच्या पान क्रमांकासह, एकाच ठरलेल्या माणसाकडे यावी, आणि ती कथेपुरतीच असावी. फोनवर, पार्टीत, नटाच्या कानात सांगितलेली सूचना धरायची नाही. असं केलं की उद्या कोणी विचारलं ‘तिने मालिकेत काय घुसवलं?’ तर कागद दाखवता येतो. एचबीओचे प्रमुख केसी ब्लॉइज यांनी या कथेत छुपं काही मिसळलं जात नाहीये, अशा अर्थाचं म्हटलं आहे. अशा विधानाला जोर येतो तो मागे असलेल्या कागदांमुळे.

आता एक कटू हिशेब. वादामुळे लोक पाठ फिरवतात का? हॅरी पॉटरच्या जगातला ‘हॉगवर्ट्स लेगसी’ हा गेम फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, बहिष्काराची मोठी हाक दिली गेली, आणि पहिल्या दोनच आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाखांहून जास्त प्रती खपल्या. उलट त्याच जगातली ‘फॅन्टास्टिक बीस्ट्स’ची चित्रपटमाला पाच भागांची ठरली होती, ती तीनवरच थांबली. पहिल्याने जगभरात सुमारे ८१ कोटी डॉलर कमावले, दुसऱ्याने ६५ कोटींच्या आसपास, तिसऱ्याने ४० कोटींच्या थोडं वर. तिसऱ्यावर कोविडची छाया होती, मुख्य खलनायकाचा नटही बदलला होता. पण घसरण सुरू झाली २०१८ मध्ये, म्हणजे तो निबंध यायच्या आधीच. त्या चित्रपटांच्या पटकथा रोलिंग यांनी लिहिल्या होत्या आणि त्यांच्यामागे कादंबरी नव्हती. माणसं गुंतली नाहीत, कारण धागे फार होते आणि धरून ठेवणारं पात्र नव्हतं.

याचा अर्थ ‘वादाची काळजी करू नका’ असा काढू नये. खप झाला म्हणून दुखावलेला वाचक परत आला असं होत नाही. ज्या ट्रान्स मुलांनी ही पुस्तकं उशाशी ठेवून वाईट दिवस काढले, त्यांचं दुःख प्रतींच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. या प्रश्नाकडे केवळ जनसंपर्काची अडचण म्हणून बघणारा माणूस या कामावर नको, असं मला अगदी मनापासून वाटतं. पण मालिका पडली तर बहुतेक पटकथेमुळे पडेल. म्हणून जास्तीत जास्त वेळ तिथेच द्यायला हवा.

पटकथेचा पहिला प्रश्न: पुन्हा करायचीच कशाला? आठ चित्रपट आहेत, लोकांना पाठ आहेत. याला खरं उत्तर एकच, पुस्तकात जे होतं आणि पडद्यावर आलंच नाही ते. पहिला चित्रपट २००१ मध्ये आला तेव्हा चारच पुस्तकं प्रसिद्ध झाली होती. शेवट माहीत नसताना सुरुवात बांधली गेली. नव्या लेखकांपुढे सातही पुस्तकं आहेत. कुठलं बी कधी पेरायचं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि हा फार मोठा फायदा आहे.

पण इथे आकडेमोड करून बघा. इंग्रजी मूळ आवृत्तीत पहिलं पुस्तक सुमारे ७७ हजार शब्दांचं आहे, पाचवं सुमारे २ लाख ५७ हजारांचं. पहिला चित्रपट १५२ मिनिटांचा होता, म्हणजे मिनिटाला ५०० च्या आसपास शब्द. पाचवा १३८ मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला १८०० च्या वर. सगळ्यात जाड पुस्तक आणि जवळजवळ सगळ्यात छोटा चित्रपट. आता समजा मालिकेच्या प्रत्येक सीझनला ५५ मिनिटांचे ८ भाग दिले, एकूण ४४० मिनिटं. पहिल्या पुस्तकाला मिनिटाला १७५ शब्द पडतात, ऐसपैस जागा. पाचव्याला ५८४. म्हणजे पहिला चित्रपट जितका कोंबलेला होता, त्याहून पाचवा सीझन थोडा जास्तच कोंबलेला होईल. ‘पुस्तकाशी प्रामाणिक’ हे वचन पहिल्या तीन सीझनमध्ये सहज पाळलं जाईल आणि चौथ्यापासून फाटायला लागेल. म्हणून भागांची संख्या सीझनगणिक वेगळी हवी, आणि ती पहिल्या कराराच्या वेळीच मागून घ्यायला हवी. नंतर प्रत्येक भागाचं बजेट ठरून गेलेलं असतं आणि कोणी हलत नाही.

पहिल्या सीझनमध्ये उलटा धोका. जागा भरपूर म्हणून नवे प्रसंग घालायचा मोह होतो. नवं रचण्याआधी जुनं वापरा. औषधी काढ्यांचा पहिला तास घ्या. चित्रपटात तो विषय शिकवणाऱ्या स्नेपचं भाषण आहे, हॅरीला विचारलेले प्रश्न आहेत, आणि दृश्य संपतं. पुस्तकात खरी मजा पुढे आहे. हॅरीच्या वर्गातला नेव्हिल कढई आचेवरून न उतरवताच तिच्यात साळिंदराचे काटे टाकतो, शेमसची कढई वितळून वाकडी होते, काढा फरशीवर पसरतो, बाकीची मुलं स्टुलांवर चढतात आणि नेव्हिलच्या अंगावर टरारून फोड येतात. स्नेप वळतो तो हॅरीकडे: शेजारी बसून तू त्याला सांगितलं का नाहीस? आणि एक गुण कापतो. दोन मिनिटांचा प्रसंग, पण नेव्हिलची भीती, स्नेपचा आकस आणि कढई-विस्तव-क्रम यांचं शास्त्र एकदम कळतं. अशा दोन-दोन मिनिटांवर ही मालिका उभी राहील. पीव्ह्ज हे भूतसुद्धा तसंच: पहिल्या चित्रपटासाठी रिक मेयल यांनी ते साकारलं, चित्रीकरण झालं, आणि संकलनात सगळं उडालं.

लेखिकेच्या वादाचं ओझं घेऊन काही जुने आक्षेप आता नव्या जोराने येतात, आणि ते पटकथेतच सोडवावे लागतात. जादूगारांची ग्रिंगॉट्स बँक चालवणारे गॉब्लिन हे ठेंगणे जीव, हा त्यातला सर्वांत ठळक. वाकडी नाकं, पैशाची हाव, ज्यूंच्या द्वेषातून आलेल्या व्यंगचित्रांसारखे चेहरे, हा आरोप बरीच वर्षं होतो आहे. इथे पुस्तक उघडून बघण्याची सवय उपयोगी पडते. पहिल्या पुस्तकात गॉब्लिनचं वर्णन आहे ते सावळा हुशार चेहरा, टोकदार दाढी, फार लांब बोटं आणि पावलं. लांब बाकदार नाक तिथे नाही, ते चित्रपटाच्या मेकअपने दिलं. म्हणजे हा प्रश्न निम्मा तरी कृत्रिम चेहरे बनवणाऱ्या प्रोस्थेटिक विभागाच्या टेबलावर सुटतो. पहिलं रेखाचित्र काढतानाच हे कागदावर लिहून द्यायचं. मुखवटे साच्यातून निघाल्यावर बदल करायचा म्हणजे आठवडे जातात. उरलेला निम्मा प्रश्न कथेचा. गॉब्लिनांच्या मते त्यांनी घडवलेली वस्तू विकली तरी मालकी घडवणाऱ्याची राहते. सातव्या पुस्तकात ग्रिफिंडॉरच्या तलवारीवरून हेच भांडण होतं. हे मत पहिल्याच सीझनमध्ये एखाद्या गॉब्लिनच्या तोंडी आलं, तर ते हावरट वाटणार नाहीत, त्यांचा वेगळा कायदा आहे हे कळेल.

घरकाम करणाऱ्या एल्फांचा भाग याहून अवघड. चित्रपटांनी तो गाळून सुटका करून घेतली. चौथ्या पुस्तकात हॅरीची मैत्रीण हर्मायनी त्यांच्या हक्कांसाठी संघटना काढते, दोन सिकल वर्गणी ठेवते, बिल्ले वाटते, आणि सगळे तिला हसतात. त्यांच्या हॉगवर्ट्स शाळेच्या स्वयंपाकघरातले शंभरावर एल्फ म्हणतात, आम्हाला नको स्वातंत्र्य. गुलामांना गुलामीच आवडते असं सुचवणारं हे चित्र आज तसंच ठेवलं तर टीका होईल आणि ती रास्त असेल. गाळलं तर क्रेचर आणि डॉबी या दोन एल्फांची कथा लंगडी होते. मार्ग पुस्तकातच आहे. शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर डॉबीला आठवड्याला दहा गॅलियन (जादूगारांची सोन्याची नाणी) आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात. डॉबी घासाघीस करून ते खाली आणतो, एक गॅलियन आणि महिन्याला एक सुट्टी. हा प्रसंग विनोदी न करता करा. पगार मागताना ज्याला लाज वाटते असा माणूस कसा घडतो, हे त्या एका घासाघिशीत दिसतं. स्वयंपाकघरातल्या एल्फांपैकी एखाददुसरा बोलता बोलता अडखळू द्या. हर्मायनीचं चुकतं ते इतकंच की ती त्यांना न विचारता त्यांच्यासाठी ठरवते, हे प्रेक्षकाला दिसलं की पुस्तकही टिकतं आणि आजचा प्रेक्षकही.

स्नेपच्या भूमिकेत पापा एसिएडू हे कृष्णवर्णीय अभिनेते आहेत, आणि यावर फार उथळ भांडण चाललं आहे. लेखकांपुढचा खरा प्रश्न पाचव्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात आहे. हॅरीचे वडील जेम्स पॉटर आणि त्यांचा मित्र सिरियस शाळेत असताना सगळ्यांदेखत तरुण स्नेपला उलटं टांगतात. लिली, म्हणजे हॅरीची आई, मध्ये पडते, आणि स्नेप तिलाच रक्तावरून घाणेरडी शिवी देतो. आता हे दृश्य पडद्यावर वेगळं वाचलं जाणार. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणून घाबरून सौम्य केलं तर हॅरीला वडिलांबद्दल वाटणारी शरम उरत नाही, आणि तीच त्या प्रकरणाची किंमत आहे. जेम्सच्या टोळीत कोणाला घ्यायचं, कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा राहणार, आणि छळ सोसलेला मुलगाच दुसऱ्याला रक्तावरून हिणवतो तो क्षण किती लांबवायचा, हे सगळं पहिल्या सीझनची पात्रनिवड होतानाच लिहून ठेवायला हवं. पाचव्या सीझनपर्यंत थांबलात तर जेम्सचा नट आधीच जुन्या फोटोंत आणि आरशात दिसून गेलेला असेल.

मराठी वाचकाला ज्याचं सुखदुःख थेट आहे ती गोष्ट म्हणजे पार्वती आणि पद्मा पाटील. पुस्तकात या जुळ्या बहिणी शाळेतल्या वेगवेगळ्या गटांत, म्हणजे हाउसमध्ये आहेत, पार्वती ग्रिफिंडॉरमध्ये, पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. चित्रपटांनी दोघींना एकत्र टाकलं आणि पद्माचं स्वतंत्र अस्तित्वच पुसलं. चौथ्या पुस्तकातल्या नृत्याच्या रात्री पार्वतीचा झगा भडक गुलाबी आहे, लांब वेणीत सोनेरी गुंफण, हातात सोन्याच्या बांगड्या. पद्माचा झगा चमकदार निळसर हिरवा. चित्रपटात मात्र दोघींना घाईने शिवल्यासारखे लेहंगे दिले, आणि जगभरातले भारतीय वाचक वर्षानुवर्षं त्यावर हळहळत आले. मालिकेत झग्याचा जादूगारी कट तसाच ठेवून काठाला जर, वेणीत सोनेरी धागा, एवढं पुरे होईल. उच्चाराचं तर पाच मिनिटांचं काम: ‘पा’ दीर्घ, ‘टी’ दीर्घ, आणि ‘ट’ जिभेचं टोक मागे वळवून. सेटवर भाषा-प्रशिक्षक असतोच, त्याच्या यादीत हे नाव घातलं की झालं. आडनाव मराठी मुलुखातलं, पण उत्तर कर्नाटकातही आहे, त्यामुळे कुटुंब कुठलं हे ठरवायला लेखकांना मोकळीक आहे. फक्त ठरवावं. ‘भारतीय’ एवढंच लिहून पुढे जाऊ नये.

आता मुलं. या सगळ्या वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते यांच्याबद्दल. मुख्य तिघांसाठी ३२ हजारांहून जास्त मुलांनी चाचण्या दिल्या. जुने तिघे वादाच्या वेळी तिशीच्या आसपासचे होते, स्वतःचं मत स्वतः मांडू शकत होते. नव्यांना हा वाद पहिल्याच दिवशी वारशात मिळाला.

इंग्लंडमध्ये मुलांच्या कामाचे २०१४ चे नियम आहेत. स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. नऊ वर्षांवरचं मूल दिवसात सेटवर जास्तीत जास्त साडेनऊ तास असू शकतं, त्यातला तालीम धरून प्रत्यक्ष कामाचा वेळ पाच तास, आणि सलग अडीच तासांपेक्षा जास्त नाही. शाळेच्या दिवशी तीन तास शिक्षण. दोन दिवसांच्या मध्ये बारा तासांची विश्रांती. मुलांवर लक्ष ठेवायला मान्यताप्राप्त पालक-सोबती. आता हिशेब करा: हॅरी जवळजवळ प्रत्येक दृश्यात आहे आणि त्याचे हातात फक्त पाच तास. म्हणून मुलांचे क्लोजअप आधी घ्यायचे, मोठ्यांचे नंतर. मोठ्या नटाच्या मास्टर शॉटवर, म्हणजे पूर्ण दृश्य एकत्र टिपणाऱ्या शॉटवर, सकाळ घालवली की दुपारी हॅरीचे तास संपतात, मग त्याच्या जागी उभ्या केलेल्या बदली माणसाची पाठ दिसते आणि दृश्याचा जीव जातो. संकलनाच्या टेबलावर हे दुरुस्त होत नाही.

वयाचं गणित तर निर्दय आहे. पहिल्या सीझनला मूल अकराचं धरा. दर सीझनमध्ये वर्षाचं अंतर असेल तर सातव्याला ते सतराचं, अगदी कथेप्रमाणे. दीड वर्षाचं अंतर झालं तर विसाचं. दोन वर्षांचं झालं तर तेविसाचं. चित्रपटांचं चित्रीकरण सप्टेंबर २००० ते जून २०१० चाललं, हॅरी झालेले डॅनियल रॅडक्लिफ शेवटी वीस वर्षांचे होते, आणि ते चालून गेलं. तेवीस चालणार नाही. म्हणून पहिल्या सीझनचं चित्रीकरण संपायच्या आत दुसऱ्याची पटकथा हातात हवी, आणि व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावरचे दृश्य-परिणाम, पूर्ण होण्याची वाट न पाहता पुढचं शूटिंग सुरू व्हायला हवं. एखाद्या वादामुळे तीन महिने काम लांबलं, तर ते तीन महिने मुलांच्या चेहऱ्यावर दिसतात. वादाची खरी किंमत ती आहे.

मुलांच्या पालकांना सही करण्याआधी लेखी उत्तरं मिळायला हवीत: लेखिकेबरोबर जाहीर कार्यक्रमाला येणं बंधनकारक आहे का? मुलाच्या सोशल मीडियावर कोण लक्ष ठेवणार? धमकी आली तर कोणाला फोन करायचा? अठराचं झाल्यावर त्याने स्वतःचं मत मांडलं तर करारावर काय परिणाम? ‘निर्मितीची बदनामी करू नये’ हे कलम रास्त आहे. सार्वजनिक प्रश्नावरचं मत त्यात ओढलं जाऊ नये. एसिएडू यांनी न्यायालयाच्या निकालानंतर ट्रान्स समाजाच्या समर्थनाच्या खुल्या पत्रावर सही केली आणि ते स्नेप म्हणून कायम आहेत. मोठ्या नटाला जी मोकळीक, ती मोठ्या झालेल्या मुलालाही मिळावी. मुलाखतीत लेखिकेवरचा प्रश्न आला तर मुलाने उत्तर देऊ नये आणि त्याच्याकडून पाठ करून घेतलेलं वाक्यही वदवू नये. शेजारी बसलेल्या शोरनरने तो प्रश्न स्वतःकडे घ्यावा. मुलाखतींच्या वेळापत्रकात मुलं एकटी बसणार नाहीत, एवढी एक अट घातली की निम्मी काळजी मिटते.

शेवटचा प्रश्न पैशाचा, कारण तो मनात असतोच. मालिका पाहिली, खेळणं घेतलं, नवी प्रत घेतली, तर मूळ हक्कांचा वाटा लेखिकेकडे जातो. तो वेगळा काढता येत नाही, आणि ‘तुमचे पैसे तिला मिळत नाहीत’ असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ज्यांना ते नको आहे त्यांनी मालिका न पाहणं हा पूर्ण सन्मान्य निर्णय आहे. पुस्तकाचं मात्र थोडं वेगळं आहे. जुन्या बाजारातल्या प्रतीवर लेखकाला पुन्हा मानधन मिळत नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथालयातून नेलेल्या पुस्तकामागे सरकार लेखकाला छोटी रक्कम देतं, पण एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांच्या वर नाही. भारतात ही पद्धतच नाही. म्हणजे भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेलं ‘हॅरी पॉटर आणि परीस’ गावातल्या वाचनालयातून घरी आणलं, तर त्या वाचनातून कोणाकडेही नवा पैसा जात नाही. इंग्रजीत याच पुस्तकाच्या नावात ब्रिटनमध्ये फिलॉसॉफर आणि अमेरिकेत सॉर्सरर आहे, त्या एका शब्दापायी पहिल्या चित्रपटाची काही दृश्यं दोनदा चित्रित करावी लागली होती. मराठीत ते काम ‘परीस’ या तीन अक्षरांनी केव्हाच केलं आहे.